जुन्या वेगवान गाड्यांना भारतात संग्रहमूल्य येईल का?

घाटवाट (पुणे)

जुन्या वेगवान मोटारींच्या खरेदी-विक्रीत हल्ली एक वाक्य सारखे ऐकू येते : ‘हिची किंमत आता खाली येणार नाही, वाढतच जाणार.’ हे पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसबद्दल बोलले जाते, फियाट पालियो १.६ जीटीएक्सबद्दल बोलले जाते आणि अबार्थ पुंटोबद्दलही. माझ्याकडे २००५ सालची ऑक्टेव्हिया आरएस आहे. पंधरा वर्षांनंतर एकदा वाढवलेली तिची नोंदणी आता पुन्हा वाढवायची आहे, त्यामुळे या वाक्यात कितपत तथ्य आहे हे नीट तपासून पाहावेसे वाटते. माझे मत आधी मांडतो, म्हणजे ज्यांना ते खोडायचे आहे त्यांना सोपे जाईल.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. २००४ मध्ये ती आली तेव्हा भारतात विकली जाणारी टर्बो पेट्रोल इंजिनाची ती पहिली मोटार होती. १.८ लिटरचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले इंजिन, १५० अश्वशक्ती, पाच गिअर, आणि जुळणी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात. युरोपातल्या आरएसला याच आकाराच्या इंजिनातून १८० अश्वशक्ती मिळत होती. तरीही, शंभर अश्वशक्तीची सेडान जेव्हा आपल्याकडे वेगवान समजली जात होती, त्या काळात या गाडीने अनेक कॉलेजवयीन मुलांच्या मनात घर केले, आणि ती मुले आज पस्तिशी-चाळिशीत येऊन बऱ्यापैकी कमावती झाली आहेत. किंमत वाढण्याचे पहिले कारण बहुतेक देशांत हेच असते. तरुणपणी जी गाडी परवडली नाही, ती माणूस हाती पैसा आल्यावर शोधू लागतो.

दुसरे कारण दुर्मीळतेचे. येथे किती गाड्या बनल्या यापेक्षा किती शिल्लक राहिल्या हे महत्त्वाचे असते. वेगवान गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे जाते तेव्हा ती बहुधा स्वस्त झालेली असते, तिच्यावर खर्च करण्याची ऐपत नसलेल्या हातात ती पडते आणि तिथेच संपते. धडक, बेसुमार ट्यूनिंग, सुट्या भागांसाठी केलेली मोडतोड, भंगार, या क्रमाने ती नाहीशी होते. या बाबतीत आपली आरएस जगातल्या कोणत्याही गाडीपेक्षा मागे नाही; अस्सल अवस्थेतली गाडी पाहायला मिळणे आताच कठीण झाले आहे.

माझी खरी शंका तिसऱ्या कारणापाशी आहे, आणि ते कारण कायद्याचे आहे. निस्सान स्कायलाइन जीटी-आर या वेगवान जपानी गाडीचे उदाहरण पाहा. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यापासून अशी व्यवस्था आहे की तेथील सुरक्षा मानकांनुसार न बनलेली परदेशी मोटार २५ वर्षांची होईपर्यंत सर्वसामान्य माणसाला आयात करता येत नाही, परंतु २५ वर्षे पूर्ण होताच ती अट गळून पडते, आणि हे वय उत्पादनाच्या महिन्यापासून मोजले जाते. १९८९ मध्ये आलेली आर३२ पिढी २०१४ पासून अमेरिकेत जाऊ लागली आणि जपानमधल्या लिलावांत तिचे भाव चढले. १९९९ मध्ये आलेल्या आर३४ ला हे दार जानेवारी २०२४ मध्ये उघडले, पण ती तारीख सर्वांना आधीपासून माहीत असल्याने भाव कितीतरी आधीच आकाशाला भिडले होते. जर्मनीत ३० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर लागते, तिला वर्षाला सरसकट १९१ युरोच्या आसपास कर पडतो आणि शहरांतील कमी-प्रदूषण क्षेत्रांतही तिला मज्जाव नसतो. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर वाहन कर माफ होतो. थोडक्यात, या देशांत म्हातारी होत जाणारी गाडी एका ठरावीक वयानंतर कायद्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित होते.

आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पुरातन वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम आणले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु त्यासाठी वयाची अट ५० वर्षांची आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि रोजच्या वापरावर बंदी. म्हणजे माझी २००५ ची गाडी २०५५ मध्ये या सवलतीला पात्र होईल. पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतची मधली ३५ वर्षे ती कायद्याच्या नजरेत केवळ एक जुने, प्रदूषण करणारे वाहन असेल, दर पाच वर्षांनी तपासणीला उभी राहील, पर्यावरण कर भरेल आणि धोरण बदलले तर तिचे काय होईल हे कोणीच सांगू शकणार नाही. जी वस्तू पुढल्या पाच वर्षांनी रस्त्यावर नेता येईल की नाही याची खात्री नाही, तिच्यासाठी खरेदीदार एका मर्यादेपलीकडे पैसे कशासाठी मोजेल?

म्हणून माझे मत असे की भारतातल्या या गाड्यांच्या किमती पडणे थांबेल, काहींच्या थोड्या वाढतीलही, पण परदेशातल्या आकड्यांकडे बोट दाखवून जी स्वप्ने विकली जात आहेत ती येथे खरी होणार नाहीत. जाणकारांनी आपले म्हणणे मांडावे.

हडसनकाठ (न्यू जर्सी)

घाटवाट, आपण मांडलेले तिन्ही मुद्दे योग्य आहेत. तिसऱ्या मुद्द्याला मी एक पुस्ती जोडतो. कायदा अनुकूल असलेल्या देशातही ‘ही पुढे मौल्यवान होणार’ या हिशेबाने घेतलेल्या गाड्यांचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही, आणि अमेरिकेतली तीन उदाहरणे त्यासाठी पुरेशी आहेत.

१९७६ साली कॅडिलॅकने एल्डोराडोची उघड्या छताची आवृत्ती ही अमेरिकेतली अशा प्रकारची अखेरची गाडी म्हणून विकली. लोकांनी ती घेऊन झाकून ठेवली. शेवटच्या २०० पांढऱ्या गाड्यांसाठी तर विशेष चढाओढ लागली. १९८४ च्या मॉडेलबरोबर कॅडिलॅकने उघड्या छताची एल्डोराडो पुन्हा बाजारात आणली, आणि जुने खरेदीदार संतापून न्यायालयात गेले. ती काही वेगवान गाडी नव्हती, हे मान्य; म्हणून दुसरे उदाहरण शेव्हरले कॉर्व्हेटचे घेऊ. १९७८ मध्ये इंडियानापोलिस शर्यतीच्या पेस कारची, म्हणजे शर्यत सुरू होताना सर्वांच्या पुढे धावणाऱ्या गाडीची, प्रतिकृती म्हणून काळ्या-चंदेरी रंगातील ६,५०२ कॉर्व्हेट बनल्या. छापील किंमत १३,६५३ डॉलर होती आणि सुरुवातीला काहींनी त्यापेक्षा कितीतरी अधिक पैसे मोजले. महागाई धरली तर ते १३,६५३ डॉलर आजच्या ६०,००० हून अधिक डॉलरांएवढे होतात, आणि जपून ठेवलेली चांगली गाडी आज त्यापेक्षा बरीच कमी किमतीत मिळते. एवढी वर्षे ज्यांनी गॅरेजची जागा आणि विम्याचे पैसे घातले, त्यांच्या हाती तोटा आला.

याच्या उलट १९८७ ची ब्युइक जीएनएक्स. ती फक्त ५४७ बनली, किंमत सुमारे २९,००० डॉलर, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण ८०,०००. अतिशय कमी चाललेल्या जीएनएक्सला आज दीड लाख डॉलरच्या वर किंमत येते. दोन्ही गाड्या लोकांनी सारख्याच आशेने साठवल्या होत्या, मग एक बुडाली आणि दुसरी तरली याचे कारण काय असावे? माझ्या समजुतीप्रमाणे पेस कारमध्ये रंग, पट्टे आणि आसने यांपलीकडे यांत्रिकदृष्ट्या वेगळे फारसे काही नव्हते. जीएनएक्समध्ये टर्बो, इंटरकूलर आणि मागची सस्पेन्शन रचनाच वेगळी होती. तिच्या काळातल्या अमेरिकन गाड्यांत ती खरोखर सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक होती, आणि तिच्यानंतर मागच्या चाकांवर चालणारी तशी ब्युइक पुन्हा बनली नाही.

हाच निकष आपल्याकडच्या गाड्यांना लावून पाहावा. २००४ ची ऑक्टेव्हिया आरएस यांत्रिकदृष्ट्या वेगळी होती. २०११ ची स्कोडाचीच लॉरा आरएस मात्र भारतात साध्या लॉराच्याच १.८ टीएसआय इंजिनासह आली. बिल्ला, बंपर आणि आसने वेगळी होती. दोघींवर अक्षरे तीच असली तरी पुढच्या वीस वर्षांत बाजार दोघींना एका मापाने मोजेल असे मला वाटत नाही.

एक सावधगिरीची सूचनाही देतो. बाजार एकाच दिशेने जात नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फेरारी आणि इतर युरोपीय गाड्यांचे भाव कर्जाऊ पैशावर फुगले, १९९० नंतर ते कोसळले, आणि अनेकांना मूळ रक्कम परत मिळायला दशक-दीड दशक वाट पाहावी लागली. ज्यांनी गाडी आवडते म्हणून ठेवली होती त्यांचे काही बिघडले नाही. ज्यांनी कर्ज काढून घेतली होती त्यांना ती मिळेल त्या भावात काढावी लागली.

जमाखर्च (ठाणे)

या चर्चेत ‘किंमत वाढली’ हा शब्दप्रयोग फार सैलपणे वापरला जातो, म्हणून हिशेब मांडते. आकडे गृहीत आहेत, पद्धत पाहावी.

समजा, एखाद्याने चार लाख रुपयांना जुनी वेगवान गाडी घेतली आणि दहा वर्षे ठेवली. विमा, टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट, किरकोळ दुरुस्ती, तपासणी, कर आणि झाकलेल्या जागेचे भाडे मिळून वर्षाला ६०,००० रुपये धरू. शहरात राहणाऱ्याला हा आकडा कमीच वाटेल. हेच चार लाख सात टक्क्यांनी मुदत ठेवीत राहिले असते तर दहा वर्षांनी पावणेआठ लाखांच्या वर झाले असते. दरवर्षीचे ६०,००० त्याच दराने साठवत गेले असते तर ते सव्वाआठ लाखांच्या आसपास होतात. म्हणजे दहा वर्षांनी ती गाडी सोळा लाखांना विकली गेली तर मालक फक्त बरोबरीत सुटला. चार लाखांची गाडी आठ लाखांना विकून ‘दुप्पट झाली’ असे सांगणारा माणूस प्रत्यक्षात निम्म्याने तोट्यात असतो, आणि हे त्याला कळतही नाही.

मात्र एक गोष्ट गाडीच्या बाजूने आहे, तीही नोंदवते. आपल्या आयकर कायद्यात वैयक्तिक वापरासाठी ठेवलेली मोटार ही वैयक्तिक वस्तू मानली जाते, त्यामुळे ती नफ्यात विकली तरी भांडवली नफ्यावरील कर सामान्यतः लागत नाही. दागिने, चित्रे, शिल्पे आणि पुराणवस्तूंचे संग्रह यांना ही सूट मिळत नाही. परंतु एकामागून एक गाड्या घेऊन विकणारा माणूस व्यापारी ठरू शकतो आणि मग तो नफा धंद्याचे उत्पन्न होतो, हे विसरू नये.

विम्याचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. पाच वर्षांपर्यंत गाडीचे विमामूल्य ठरलेल्या घसाऱ्यानुसार काढले जाते, त्यानंतर ते विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. वीस वर्षे जुन्या सेडानला कंपनी साधारणपणे जे मूल्य देऊ करते त्यात बाजारातल्या हौसेची किंमत धरलेली नसते. म्हणजे तुमच्या मते आठ लाखांची असलेली गाडी पुरात वाहून गेली तर भरपाई दीड लाखाची मिळू शकते. ज्या वस्तूचे पूर्ण मूल्य विम्याने झाकता येत नाही, तिला गुंतवणूक म्हणायला मी तयार नाही.

टॉर्करेंच (कोल्हापूर)

ताईंचा हिशेब चोख आहे आणि गाड्या दुरुस्त करणारा माणूस म्हणून मी त्यातल्या वार्षिक खर्चाला दुजोरा देतो. तरीही भारतात एक वाहन असे होऊन गेले आहे ज्याने हे सगळे हिशेब मोडले, आणि ते चार चाकांचे नाही. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी ३५०. जास्त शक्तीची आवृत्ती ३०.५ अश्वशक्तीची आणि नंतरची कमी शक्तीची २७ अश्वशक्तीची. तिच्या काळात ती महाग होती, पेट्रोल पीत होती, सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून लोकांनी ती नाकारली आणि १९९० च्या आसपास ती बंद पडली. कित्येक गाड्या अक्षरशः किलोच्या भावाने गेल्या. आज नीट उभी केलेली आरडी काही लाखांच्या खाली कोणी देत नाही. तेव्हा, आपल्याकडे संग्रहमूल्य येतच नाही असे म्हणता येणार नाही.

आता आरडीला जे जमले ते आरएसला जमेल का, याचे उत्तर माझ्या दृष्टीने सुट्या भागांत आहे. आरडी हे साधे दोन-सिलिंडरचे टू-स्ट्रोक यंत्र आहे. पिस्टन, क्रँक, गॅस्केट, अगदी टाकीसुद्धा करून मिळते, आणि अख्खी गाडी जिन्याखाली मावते. २००० नंतरच्या मोटारींत लोखंडाचे काम सर्वांत सोपे असते. आरएसचे १.८ टर्बो इंजिन त्याच काळातल्या ऑडी आणि फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत होते, त्यामुळे टर्बो, इग्निशन कॉइल, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट यांची चणचण पुढची बरीच वर्षे भासणार नाही. अडचण येते ती त्या एका गाडीपुरत्या बनलेल्या गोष्टींची : पुढचा बंपर, मागचा स्पॉयलर, आसनांचे मूळ कापड, दिव्यांच्या काचा. त्यानंतर येते इलेक्ट्रॉनिक्स. इंजिनाचा संगणक, एबीएसचे युनिट, मीटरचा डिस्प्ले, चावीतला इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) हे भाग खराब झाले तर लेथवर करून मिळत नाहीत. डॅशबोर्ड आणि दारांवरचा मऊ थर उन्हाने चिकट होऊन सुटतो, केबलची आवरणे ठिसूळ होतात, आणि कोकणपट्टीतल्या गाडीला तर दारांच्या तळाशी गंज लागलेला असतो जो रंगाखाली वर्षभर दिसतही नाही.

जपानमध्ये कंपन्यांना हे उमगले. निस्सानने २०१७ पासून आर३२ जीटी-आरसाठी बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले, टोयोटाने सुप्राच्या दोन जुन्या पिढ्यांसाठी तसेच केले, आणि माझदा तर पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ गाड्या स्वतः नूतनीकरण करून देऊ लागली. या गाड्यांच्या किमती टिकण्यात त्या निर्णयांचा वाटा मोठा आहे. भारतात विकल्या गेलेल्या कोणत्याही वेगवान मोटारीसाठी असे काही घडलेले माझ्या पाहण्यात नाही.

पेट्रोलचाही प्रश्न आहे. २०२५ पासून देशात जवळपास सर्वत्र वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि २००५ च्या गाडीच्या रबरी नळ्या, सील आणि इंधन पंप त्याचा विचार करून बनवलेले नव्हते. रोज चालणाऱ्या गाडीत हे पेट्रोल निदान खेळते राहते. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या गाडीत इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, ते पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळे गंजवते. म्हणून संग्रहासाठी ठेवलेली गाडी न चालवता उभी करणे हा तिला मारण्याचा खात्रीशीर मार्ग आहे. तिला आठवड्यातून एकदा तरी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पूर्ण गरम होतील एवढे फिरवून आणावे. नुसते जागेवर सुरू करून बंद करणे उलट अधिक वाईट, कारण एक्झॉस्टमधले पाणी आतच राहते. इंधनाच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या बसवून घ्याव्यात, हा खर्च फार नाही.

कुर्लावाला (मुंबई)

पालियोचा उल्लेख झाला आहे म्हणून थोडे लिहितो. २००१ मध्ये पालियो आली तेव्हा ती आमच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती, ज्या आवारातून आधी कित्येक वर्षे प्रीमिअर पद्मिनी बाहेर पडल्या. १.६ जीटीएक्स ही शंभर अश्वशक्तीची हॅचबॅक होती. भारतीय खरेदीदाराने तिचे मायलेज विचारले आणि पाठ फिरवली. ज्या थोड्या विकल्या गेल्या त्यांतल्या अनेकींना पुढे गॅसचे किट बसले.

मुंबईत गाडी जपणे म्हणजे आधी जागा जपणे. आमच्या इमारतीत पुनर्विकास आला, तात्पुरत्या घराला पार्किंग नव्हते, आणि ओळखीतल्या दोघांनी याच कारणाने उत्तम अवस्थेतल्या पालियो काढून टाकल्या. किंमत वाढो वा न वाढो, या शहरात जुन्या गाडीचे आयुष्य इंजिनापेक्षा सोसायटीच्या ठरावावर अधिक अवलंबून आहे, आणि मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण कुर्ल्यातल्या कामगारांनी बनवलेल्या त्या गाड्यांपैकी चार चांगल्या गाड्या तरी या शहरात राहायला हव्या होत्या.

यमुनातीर (गुरुग्राम)

घाटवाट यांच्या कायद्याच्या मुद्द्याला आमच्याकडचा अनुभव पुष्टी देतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांमुळे राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. २०२५ मध्ये या बंदीच्या अंमलबजावणीचा प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वादाचा निकाल काहीही लागो, बाजारावर परिणाम झाला तो अनिश्चिततेचा. चौदा वर्षांची, एका हातात वापरलेली, गॅरेजमध्ये ठेवलेली गाडी इथे मातीमोल भावात जाते, आणि ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यात नेली की तिचीच किंमत वाढते.

महाराष्ट्रातल्या शौकिनांनी इथून गाड्या नेल्या आहेत आणि मी त्यांना दोष देत नाही, उलट त्या वाचल्या याचा आनंद आहे. नेताना तीन गोष्टी पाहाव्यात. ना-हरकत प्रमाणपत्र वयाची मुदत संपण्याआधी घेतलेले असावे. महाराष्ट्रात रस्ता कर नव्याने भरावा लागतो, तो किमतीत धरावा. आणि चेसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर जाऊन पाहावा, कारण धडकेत संपलेल्या गाडीची कागदपत्रे दुसऱ्याच सांगाड्याला चिकटवण्याचे प्रकार वेगवान गाड्यांत अधिक होतात.

घाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. हडसनकाठ यांचा निकष मला फार उपयुक्त वाटला आणि त्याच्या आधारे आपल्याकडच्या ‘मर्यादित संख्येच्या’ गाड्यांविषयी लिहितो, कारण सध्या सर्वाधिक भाकिते त्यांच्याबद्दल होत आहेत.

फोक्सवॅगनने २०१६ च्या अखेरीस पोलो जीटीआय आणली : तीन दारे, १.८ लिटर टर्बो, १९२ अश्वशक्ती, संपूर्ण आयात, पहिल्या खेपेला ९९ गाड्या, किंमत २५.६५ लाख. हॅचबॅकला एवढे पैसे देणारे पुरेसे लोक मिळाले नाहीत आणि पुढच्याच वर्षी किंमत २० लाखांच्या आत आणावी लागली. ज्यांनी पहिल्या दिवशी घेतली त्यांचे सुमारे सहा लाख कागदावरून पुसले गेले. संख्या कमी असणे पुरेसे नसते, हे दाखवणारे याहून चांगले देशी उदाहरण मला माहीत नाही. तरीही मला वाटते की पुढच्या काळात हीच गाडी मोलाची ठरेल, कारण तिच्यासारखी तीन दारांची वेगवान हॅचबॅक भारतात जवळपास आलीच नाही.

ऑक्टेव्हिया आरएस २४५ ची कथा वेगळी आहे. २०२० मध्ये २०० गाड्या, ३६ लाखांच्या आसपास किंमत. आणि २०२५ मध्ये नवी आरएस पुन्हा १०० गाड्यांपुरती, ५० लाखांच्या घरात आली आणि लगेच संपली. नव्या गाडीची किंमत जेव्हा अशी झेप घेते तेव्हा त्याच नावाच्या जुन्या गाडीकडेही लोक वळून पाहतात, आणि माझ्या २००५ च्या गाडीविषयी मला येणाऱ्या विचारणा त्यानंतर स्पष्टपणे वाढल्या आहेत.

परंतु या आयात गाड्यांच्या मालकांनी नूतनीकरणाच्या शुल्काचा विचार आतापासून करावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवण्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला ५,००० आणि आयात मोटारीला ४०,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते दुप्पट, म्हणजे अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० करण्यात आले. शेंद्र्यात जुळणी झालेली माझी गाडी पहिल्या गटात बसते. पोलो जीटीआय दुसऱ्या गटात जाईल. दोन गाड्यांच्या भावी किमतीची तुलना करताना हा फरक सहसा कोणी धरत नाही.

जमाखर्च ताईंच्या हिशेबावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते शोधण्याची गरजही वाटत नाही. या गाडीने पैसे मिळवून द्यावेत अशी माझी अपेक्षा नाही. मला एवढेच हवे आहे की ती मूळ रूपात धावत राहावी आणि उद्या ज्याच्या हाती जाईल त्याला तिची खरी किंमत कळावी. शासनाकडे मागणी करायचीच असेल तर शुल्कमाफीऐवजी वयाची अट ५० वरून ३० वर्षांवर आणण्याची करावी. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, फिवाची, व्याख्याही ३० वर्षांचीच आहे. वर्षातून थोडेच अंतर चालणाऱ्या, मूळ रूपात जपलेल्या मूठभर गाड्यांमुळे हवेत पडणारा फरक नगण्य असतो.

टॉर्करेंच, आपल्याला एक प्रश्न. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने बदललेला एक्झॉस्ट आणि रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकात भरलेली बदललेली फाइल, आहे. मूळ स्थितीत परत आणावे का?

टॉर्करेंच

होय, आणि तपासणीच्या आधीच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, त्यामुळे हा केवळ शौकिनांच्या आवडीचा विषय राहिलेला नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असेल तर धुराच्या चाचणीतही अडचण येईल. संगणकातील मूळ फाइल परत भरता येते, पण भरण्यापूर्वी सध्याची फाइल वाचून एक प्रत जपून ठेवा. काढलेला एक्झॉस्ट फेकू नका. पुढच्या मालकाला गाडीचा इतिहास समजायला त्याचाही उपयोग होतो.

पुनर्रंगाच्या बाबतीत मात्र घाई करू नका. कारखान्यातला रंग थोडा उडालेला असला तरी तो पूर्ण नव्या रंगापेक्षा अधिक मोलाचा असतो, कारण त्यावर जाडी मोजणारे यंत्र लावले की गाडी कधी धडकलेली नाही हे सिद्ध होते. नवा रंग ती साक्ष पुसून टाकतो. मूळ बिल, सर्व्हिस पुस्तिका, दुसरी चावी आणि पंधरा वर्षांनंतरच्या पहिल्या नूतनीकरणाची कागदपत्रे एकत्र ठेवा. माझ्याकडे विक्रीसाठी आलेल्या सारख्याच अवस्थेतल्या दोन गाड्यांत, जिच्याबरोबर कागदांची पूर्ण फाइल होती तीच प्रत्येक वेळी आधी आणि चांगल्या भावाने गेली.

घाटवाट

ठरले तर मग. नूतनीकरणाआधी एक्झॉस्ट आणि संगणक मूळ स्थितीत आणतो, इंधनाच्या नळ्या बदलून घेतो आणि रंगाला हात लावत नाही. चालकाच्या आसनाचे कापड कडेला फाटले आहे; पहिल्या पिढीच्या आरएसच्या आसनांचे मूळ कापड किंवा मोडीत निघालेल्या गाडीचे आसन कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया येथेच कळवावे. सोलापूर, सांगली किंवा कोकणात कुठेही असले तरी मी स्वतः येऊन नेईन.